आकाशातून भरलेला वर्ग

काही महिन्यांपूर्वी एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या शिबिराला गेलो होतो. चहाच्या सुट्टीत एक बाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, "सर, आमच्या शाळेत मोठा स्मार्ट टीव्ही आलाय. त्याने मुलं खरंच जास्त शिकतात का? तुम्ही संशोधक माणसं, तुम्हीच सांगा."

मला चटकन 'हो' म्हणता आले नाही आणि 'नाही'ही म्हणता आले नाही. प्रयोगशाळेतल्या सवयीने तोंडातून उलटा प्रश्न निघाला, "कशाच्या तुलनेत?"

बाई हसल्या. "तुलना कसली करताय? टीव्ही आलाय, तो वापरायचाय. वर अहवाल पाठवायचाय."

परतीच्या एसटीत त्यांचा प्रश्न डोक्यात घोळत राहिला. एखादे खत पिकाला उपयोगी आहे की नाही हे ठरवायचे, तर खत घातलेला एक वाफा आणि न घातलेला एक वाफा आपण शेजारी शेजारी ठेवतो. वर्गात येणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत असे वाफे कोणी पाडले आहेत का? पाडले आहेत, आणि त्यांतले काही महत्त्वाचे वाफे आपल्याच देशात, एक तर थेट पुणे जिल्ह्यात आणि आसपास पाडला गेला होता. ती हकिकत शिक्षकांना माहीत असायला हवी, कारण तिचा निष्कर्ष पुढे वारंवार विसरला गेला आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

पुणे, १९५६

यंत्र शिक्षकाची जागा घेईल ही भविष्यवाणी जुनी आहे. बोलपटही नव्हते त्या काळात, १९१३ साली, थॉमस एडिसन यांनी सांगून टाकले होते, की शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होतील आणि मुले डोळ्यांनी, चित्रपटांवरून शिकतील. पुस्तके आजही आहेत. एडिसन मोठे संशोधक होते, पण हे विधान करताना त्यांनी प्रयोग केलेला नव्हता. चित्रपटानंतर रेडिओ आला, तेव्हाही तशाच आशा व्यक्त झाल्या.

आपल्याकडे मात्र रेडिओची नीट परीक्षा घेतली गेली. १९५६ सालच्या सुरुवातीला आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात वीसेक शेतकऱ्यांचे एक श्रोता मंडळ स्थापन झाले. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागे आणि असे एकूण वीस कार्यक्रम झाले. बियाणे, खते, उंदरांचा बंदोबस्त, सहकारी संस्था असे विषय असत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि मंडळाने चर्चा करायची. चर्चेत निघालेल्या शंका चिटणीसाने लिहून पुण्याला पाठवायच्या आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळायची, अशी रीत होती.

प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते आणि ते काम पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाने केले. त्यांची शिस्त पाहण्यासारखी आहे. त्यांनी केवळ मंडळे असलेली गावे तपासली नाहीत. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, अशीही काही गावे घेतली आणि ज्यांत रेडिओच नव्हता अशीही घेतली. तिन्ही प्रकारच्या गावांतल्या लोकांना आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारले.

मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढली. रेडिओ नसलेल्या गावांत फारसा बदल नव्हता, आणि तसा तो अपेक्षितही नव्हता. कळीची गोष्ट मधल्या गटात होती. रेडिओ आहे पण मंडळ नाही, त्या गावांतही वाढ अगदी किरकोळ निघाली. रेडिओ तोच, कार्यक्रम तेच, वेळही तीच. फरक एवढाच, की एका ठिकाणी लोक ऐकून उठून गेले आणि दुसऱ्या ठिकाणी ऐकून बसून राहिले व बोलले.

न्यूरॅथ यांनी तिसरा वाफा पाडला नसता तर काय झाले असते? "रेडिओमुळे शेतकऱ्यांचे ज्ञान वाढले" असा अहवाल गेला असता, आणि गावोगाव नुसते रेडिओ वाटले गेले असते.

कोंबड्यांच्या जाळीची छत्री

दुसरा प्रयोग याच्या कितीतरी पट मोठा होता. डॉ. विक्रम साराभाई यांचा आग्रह होता, की भारतासारख्या देशाने दूरदर्शनची सुरुवात शहरांपासून करून हळूहळू खेड्यांकडे जाण्याऐवजी उपग्रहाच्या साहाय्याने थेट खेड्यांत जावे. १९६९ साली भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांच्यात करार झाला. नासा आपला एक उपग्रह एक वर्ष वापरायला देणार होती. जमिनीवरची सामग्री आणि कार्यक्रम ही भारताची जबाबदारी होती. साराभाईंचे १९७१ च्या डिसेंबरात निधन झाले. पुढे प्रा. यशपाल यांच्या नेतृत्वाखाली अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राने ही जबाबदारी पार पाडली. 'सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट', थोडक्यात 'साइट', हे या प्रयोगाचे नाव.

यातले विज्ञान वर्गात सांगण्याजोगे आहे. उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. तेथून येणारा संदेश इतका क्षीण होतो, की तो पकडायला जमिनीवर भली मोठी छत्री लागते. अशी छत्री प्रत्येक खेड्यात बसवणे अशक्य. म्हणून मोठी छत्री आकाशातच ठेवली. ३० मे १९७४ रोजी सोडलेल्या 'एटीएस-६' या उपग्रहाची छत्री नऊ मीटर व्यासाची होती. जाताना ती घडी करून नेली आणि अवकाशात उलगडली. तिने संदेश एकवटून भारताच्या दिशेने पाठवला, त्यामुळे खेड्यात फक्त तीन मीटरची छत्री पुरली, आणि तीही चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची!

जाळीतून संदेश गळून कसा जात नाही? संदेशाची वारंवारता ८६० मेगाहर्ट्झ होती. प्रकाशाच्या वेगाला या संख्येने भागले की तरंगलांबी मिळते सुमारे ३५ सेंटिमीटर. जाळीची भोके तिच्यापेक्षा खूपच लहान असल्यामुळे या तरंगांना ती जाळी आरशासारखीच भासते. (हे गणित नववी-दहावीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावे.)

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे बरोबर एक वर्ष हा प्रयोग चालला. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा (आताचे ओडिशा) आणि राजस्थान या सहा राज्यांतली सुमारे २,४०० खेडी निवडली होती. महाराष्ट्रातले खेडे त्यांत नव्हते, मात्र मुलांसाठीचे विज्ञानाचे कार्यक्रम तयार होत ते इस्रोच्या मुंबईतल्या स्टुडिओत. रोज चार तास प्रक्षेपण असे. संध्याकाळचे अडीच तास गावासाठी आणि सकाळचा दीड तास शाळेसाठी. शाळेचा दीड तास हिंदी, कन्नड, उडिया आणि तेलुगू अशा चार भाषांत वाटलेला, म्हणजे प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे.

ज्या गावांत वीज नुकतीच आली होती, तिथे आकाशातून वर्ग भरू लागला. अभियंत्यांच्या दृष्टीने प्रयोग अतिशय यशस्वी झाला. दूरदूरच्या खेड्यांतले संच चालू ठेवण्याची व्यवस्थाही चोख होती. आता प्रश्न असा, की मुले शिकली का?

साडेबावीस मिनिटांनी काय साधले?

साइटचे मोठेपण असे, की तिच्या कर्त्यांनी हा प्रश्न टाळला नाही. मूल्यमापन प्रयोगाचाच भाग होते. संच असलेल्या गावांतली मुले आणि तशाच पण संच नसलेल्या गावांतली मुले यांची तुलना केली गेली.

निष्कर्ष दुहेरी निघाले. कार्यक्रम पाहणाऱ्या मुलांच्या भाषेत वाढ दिसली. शाळेबाहेरच्या जगाविषयी जाणून घेण्याची त्यांची ओढही वाढलेली दिसली. ही कमाई लहान नाही. पण शालेय विषयांतल्या प्राप्तीत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. पटसंख्या वाढली नाही आणि गळतीही थांबली नाही.

कारणे शोधायला लांब जावे लागत नाही, ज्याने वर्गात पाऊल टाकले आहे त्याला ती दिसतीलच. कार्यक्रम पाच ते बारा वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी एकच. पहिलीतल्या मुलाला तो अवघड आणि पाचवीतल्याला सोपा. पडद्यावरचा माणूस बोलत राहतो, कोणाच्या कपाळावर आठी पडली हे त्याला दिसत नाही. एखादे वाक्य निसटले तर त्याला थांबवता येत नाही, "पुन्हा सांगा" म्हणता येत नाही. मुळात ते कार्यक्रम क्रमिक पुस्तकाला बांधलेले नव्हते. मुलांचे कुतूहल जागे करावे हा त्यांचा हेतू होता. कुतूहल जागे झालेही, पण दुसऱ्या दिवशीच्या भागाकाराशी त्याची गाठ घालून द्यायला कोणीतरी हवे होते.

बारा दिवसांचे शिबिर

याच वर्षात साइटमध्ये आणखी एक गोष्ट घडली. तिची फारशी चर्चा होत नाही, पण माझ्या मते सगळ्या प्रयोगातला सर्वांत शिकण्यासारखा भाग तोच आहे.

प्राथमिक शिक्षकांना गणित आणि विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण देण्यासाठी तोच उपग्रह वापरला गेला. ऑक्टोबर १९७५ मध्ये एकदा आणि १९७६ च्या मध्यास दुसऱ्यांदा, असे प्रत्येकी बारा दिवसांचे प्रशिक्षण झाले. दोन्ही मिळून सुमारे ५० हजार शिक्षकांपर्यंत ते पोचले. नेहमीच्या पद्धतीने, जिल्ह्याच्या गावी वर्ग भरवून, एवढ्या शिक्षकांना शिकवायचे म्हटले असते तर कित्येक वर्षे लागली असती.

हे प्रशिक्षण म्हणजे नुसते दूरदर्शन पाहणे नव्हते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने आखलेल्या या कार्यक्रमात दूरदर्शनच्या जोडीला रेडिओ होता, छापील कृतिपुस्तिका होती, हाताने करायचे प्रयोग होते आणि गटचर्चा होती. प्रत्येक ठिकाणी आधी तयार केलेला एक मार्गदर्शक शिक्षक हजर असे. संच पाहून झाला की मंडळी साहित्य घेऊन कामाला लागत. अडले तर विचारायला समोर माणूस होता. या प्रशिक्षणातून शिक्षकांच्या ज्ञानात भर पडल्याचे मूल्यमापनात दिसून आले.

पुण्याचा निष्कर्ष इथे पुन्हा भेटतो. उपग्रह तोच, संच तोच. मुलांच्या बाबतीत संच एकटा होता. शिक्षकांच्या बाबतीत त्याच्या अवतीभोवती पुस्तिका, साहित्य, चर्चा आणि माणूस होता. अर्थात, काटेकोरपणे पाहता ही तुलना सरळ नाही, कारण प्रौढ शिक्षक आणि सात वर्षांचे मूल हे दोन वेगळे विद्यार्थी आहेत. पण दिशा लक्षात यायला हरकत नाही.

३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला आणि ठरल्याप्रमाणे उपग्रह परत अमेरिकेच्या बाजूला गेला. गावकऱ्यांनी किती अपेक्षेने त्या रिकाम्या छत्रीकडे पाहिले असेल!

कपाटातली यंत्रे

पुढे १९८३ च्या ऑगस्टमध्ये आपला 'इन्सॅट-१बी' अवकाशात गेला. शैक्षणिक कार्यक्रम तयार करण्यासाठी काही राज्यांत संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात १९८४ साली पुण्याला 'बालचित्रवाणी' सुरू झाली आणि २०१७ साली बंद पडली. त्याच १९८४ साली केंद्र सरकारने देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत 'बीबीसी मायक्रो' हे ब्रिटिश संगणक देऊन संगणक साक्षरतेचा प्रकल्पही सुरू केला.

बालचित्रवाणीचे कार्यक्रम पाहिलेली पिढी आमची. ते आम्हांला आवडत. पण आमच्या शाळेतला दूरदर्शन संच लाकडी पेटीत कुलूपबंद असे आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. संच बिघडला तर भरपाई कोणी करायची, हा त्यांचा प्रश्न खराच होता. कार्यक्रम लागे त्या वेळी आमचा तास दुसराच असायचा. त्यामुळे शाळेचे दूरदर्शन आम्ही पाहिले ते बहुधा सुट्टीत, घरी.

यात शिक्षकांना दोष देण्याची पद्धत आहे. "चांगली यंत्रे दिली, पण शिक्षक वापरत नाहीत" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. अमेरिकेतील शिक्षणाचे इतिहासकार लॅरी क्यूबन यांनी १९८६ साली या विषयावर एक पुस्तक लिहिले. चित्रपट, रेडिओ आणि दूरदर्शन अमेरिकी वर्गांत कसे आले आणि कसे कोपऱ्यात गेले, याचा तो इतिहास आहे. त्यांचे म्हणणे असे, की शिक्षक हट्टी नसतो, तो हिशेबी असतो. एका तासात एवढी मुले सांभाळायची आहेत, धडा पुरा करायचा आहे, लक्ष टिकवायचे आहे. या कामात जे साधन मदत करते, हाताशी असते आणि ऐनवेळी दगा देत नाही, ते तो उचलतो. खडू-फळा टिकला तो याच कसोटीवर. शिक्षकाला न विचारता निवडलेले साधन या कसोटीला बहुधा उतरत नाही.

वडोदरा आणि ज्ञानशाळा

ही कपाटातली यंत्रे बाहेर काढली तर काय होते, याचा एक सुरेख प्रयोग शेजारच्या गुजरातेत झाला. २००० साली वडोदऱ्यातल्या शंभर नगरपालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक मिळाले होते. दोन वर्षांनी 'प्रथम' या संस्थेने पाहणी केली तेव्हा फारच थोड्या शाळांत ते वापरात होते. मग २००२ ते २००४ अशी दोन वर्षे चौथीच्या मुलांसाठी एक कार्यक्रम आखला. आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोन मुले, गणिताचे खेळ. मुलाला जमेल तशी उदाहरणे अवघड होत जात. मदतीला एक प्रशिक्षित व्यक्ती असे. कोणत्या शाळांत कार्यक्रम करायचा आणि कोणत्या तुलनेसाठी ठेवायच्या, हे यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचे मोजमाप केले. (या दोघांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मायकेल क्रेमर यांच्याबरोबर विभागून मिळाले.)

दुसऱ्या वर्षाअखेर गणितातली वाढ ०.४७ प्रमाण विचलन इतकी निघाली. याचा अर्थ असा, की गुणानुक्रमे लावलेल्या शंभर मुलांच्या रांगेत जो मुलगा बरोबर मधोमध होता, तो साधारण १८ मुलांना ओलांडून पुढे जाईल. शिक्षणातल्या कोणत्याही उपायाच्या मानाने ही वाढ मोठीच आहे.

पण त्याच संशोधकांनी त्याच काळात, मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत, 'बालसखी' हा दुसरा उपायही तपासला. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी, थोडे प्रशिक्षण आणि अल्प मानधन. ती मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून वाचन व अंकगणित पक्के करून घेई. तिच्यामुळे झालेली वाढ ०.२८ होती. संगणकापेक्षा कमी, पण खर्चही कित्येक पटींनी कमी. खर्चाच्या हिशेबात बालसखीच सरस ठरली. शिवाय दोन्ही उपाय थांबल्यावर वर्षभरात त्यांची बरीचशी कमाई ओसरली, हेही संशोधकांनी प्रांजळपणे नोंदवले आहे.

त्यांच्यातलेच एक सहकारी ली लिंडन यांनी मग गुजरातेतच 'ज्ञानशाळा' या संस्थेच्या वर्गांत आणखी नेमका प्रश्न विचारला. एकच संगणक कार्यक्रम दोन प्रकारे वापरला. काही ठिकाणी तो शाळेच्या वेळेत, म्हणजे शिक्षिकेच्या तासाऐवजी, आणि काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर, तिच्या शिकवण्याच्या जोडीला. २००८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष ठसठशीत होता. जोडीला वापरला तेथे मुले पुढे गेली, विशेषतः मागे पडलेली मुले. शिक्षिकेच्या तासाऐवजी वापरला तेथे मुले तुलनेच्या गटापेक्षा मागे पडली. त्या शाळांत शिकवण्याची पद्धत आधीच चांगली होती आणि संगणकाने तिचाच वेळ खाल्ला होता.

संगणक उपयोगी की निरुपयोगी? एकाच संगणकाची दोन विरुद्ध उत्तरे आली. म्हणजे प्रश्नच चुकीचा होता. रिचर्ड क्लार्क या अमेरिकी अभ्यासकाने १९८३ सालीच हे मांडले होते. त्याचे उदाहरण मालट्रकचे होते. किराणा कोणत्या गाडीने आला यावर त्यातले पोषण ठरत नाही. शिकणे घडते ते धड्याच्या मांडणीतून. ती फळ्यावर आली की पडद्यावर, हा नंतरचा प्रश्न आहे. हे मत सर्वांना मान्य नाही. मुलाच्या पातळीप्रमाणे उदाहरण बदलणे एका शिक्षकाला चाळीस मुलांच्या वर्गात अशक्य असते, ते संगणकाला साधते, असा आक्षेप आहे आणि तो योग्य आहे. दिल्लीत शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांत 'माइंडस्पार्क' या संगणक कार्यक्रमाची २०१५-१६ मध्ये परीक्षा झाली, तेव्हा साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ इतकी वाढ आढळली. तिथली मुले आपल्या इयत्तेच्या कित्येक पायऱ्या खाली होती, आणि कार्यक्रम त्या पायरीपासून सुरुवात करीत होता. मात्र त्या केंद्रांतही निम्मा वेळ संगणक आणि निम्मा वेळ लहान गटाला शिकवणारा माणूस, अशीच विभागणी होती.

याउलट दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात ग्रामीण शाळांतल्या मुलांच्या हाती लॅपटॉप दिले गेले. ३१९ शाळांच्या पाहणीत, २०१२ साली, भाषा व गणिताच्या गुणांत काहीच फरक सापडला नाही. यंत्र पोचले होते, पण ते वापरून कोणता धडा कसा शिकवायचा याची जोड नव्हती.

२०२० चा सक्तीचा प्रयोग

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या आणि ज्याची कोणी आखणी केली नव्हती असा प्रयोग सुरू झाला. जगभरात दीड अब्जाहून अधिक विद्यार्थी घरी बसले. शिक्षकांनी रातोरात मोबाइलवर शिकवणे शिकून घेतले. कोणी झाडाखाली, कोणी देवळाच्या ओट्यावर चार-चार मुले गोळा केली. तो इतिहास आपण सर्वांनी जगलेला आहे.

'असर' या सर्वेक्षणाने सप्टेंबर २०२० मध्ये ग्रामीण भारतात दूरध्वनीवरून चौकशी केली. घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते, ते ६१.८ टक्के झाले होते. लोकांनी पोटाला चिमटा काढून फोन घेतले असणार. तरीही चौकशीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्यास पोचला होता तो साधारण एकतृतीयांश मुलांपर्यंत. फोन घरात असणे, तो मुलाच्या हाती मिळणे, त्यावर धडा येणे आणि तो समजणे, या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर काही मुले मागे राहिली.

त्याच सर्वेक्षणानुसार, दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुले २०१८ साली २७.३ टक्के होती, २०२२ साली ती २०.५ टक्के झाली. शाळा पुन्हा नियमित भरू लागल्यावर २०२४ साली हे प्रमाण २७.१ टक्क्यांवर आले. या आकड्यांवरून "ऑनलाइन शिक्षण निष्फळ" असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण असंख्य मुलांना ते मिळालेलेच नव्हते, आणि घरात आजारपण, बेकारी, उपासमार अशी इतर कारणेही होती. इथे दुसरा वाफाच नव्हता. पण एवढे म्हणता येईल, की मूल जितके लहान, तितकी त्याला शेजारी बसलेल्या माणसाची गरज अधिक. हे पुण्याच्या शेतकऱ्यांनी १९५६ साली दाखवून दिले होते. तिसरीच्या मुलाच्या बाबतीत आपण ते विसरलो.

आपला स्वतःचा वाफा

आता शिबिरातल्या त्या बाईंकडे परत येतो. त्यांना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही, ते आता देतो.

बाई, नवे साधन शाळेत आले की तीन प्रश्न विचारावेत. ते कशाच्या जागी येत आहे, तुमच्या तासाच्या की मुलांच्या रिकाम्या वेळाच्या? ते मुलाच्या पायरीवर येते की सगळ्यांना एकच पायरी धरायला लावते? आणि ते संपल्यावर मूल कोणाशी बोलते? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर ते साधन खुशाल वापरावे. नसतील तर ती तशी करून घेणे बहुतेक वेळा तुमच्याच हातात असते. मालकी कोणाचीही असो, चित्रफीत मध्येच थांबवून "आता पुढे काय होईल?" असे विचारण्यापासून तुम्हांला कोणी अडवलेले नाही. साइटच्या शिक्षकांना ते करता येत नव्हते, तुम्हांला येते.

आणि प्रयोग स्वतः करून पाहावा. त्याला उपग्रह लागत नाही. शाळेत एका इयत्तेच्या दोन तुकड्या असतील तर एक छोटा घटक निवडा, समजा, चंद्राच्या कला. एका तुकडीला चित्रफीत सलग दाखवा. दुसरीला तीच चित्रफीत तीन ठिकाणी थांबवून, मुलांना अंदाज करायला लावून, चेंडू आणि बॅटरी हातात देऊन दाखवा. दोन्हींना वेळ सारखाच द्या. दुसऱ्या दिवशी पाच प्रश्नांची चाचणी घ्या आणि महिन्याने, न सांगता, तीच पुन्हा घ्या. पुढच्या घटकाला तुकड्यांची अदलाबदल करा, म्हणजे एक तुकडी मुळातच हुशार असल्याचा दोष राहणार नाही. एकच तुकडी असेल तर दोन सारख्या अवघड घटकांवर करून पाहा.

दोन तुकड्यांच्या आकड्यांवरून सिद्धांत मांडता येणार नाही, हे खरे. पण टीव्हीने मुले शिकतात का, हा प्रश्न पुढच्या वेळी कोणी विचारला, तर उत्तरासाठी माझ्यासारख्या बाहेरच्या माणसाकडे पाहण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही. वहीतले दोन रकाने उघडून तुम्हीच विचाराल, "कशाच्या तुलनेत?"